ताण बसेना, संत्र्याची पालवी अशी रोखली

भारी काळ्या जमिनीत डिसेंबरात झाडाला ताण देऊन फुलवायला पाणी तोडलं तरी ओल हटत नाही. त्यात अवकाळी पाऊस आला, की आंबिया बहाराऐवजी (जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलांऐवजी) नुसती नवती, म्हणजे नवी पालवी फुटते. कोवळ्या शेंड्यात जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक बनत राहतं, म्हणून डोळा फुलाकडे वळत नाही.

आमच्या बागेत हे जिबरेलिन बनणं रोखणारं क्लोरमेक्वाट क्लोराईड लागू पडलं. ५० टक्क्यांचं औषध लिटरला २ मिली, म्हणजे १००० पीपीएम (दहा लाखात हजार भाग). पाऊस थांबताच पहिली फवारणी, १५ दिवसांनी दुसरी. पेरं आखूड राहतात, पान गडद होतं. मात्रा वाढवली की पानांच्या कडा पिवळ्या पडतात, तो मोह टाळाच.

या काळात जीए, म्हणजे फवारायचं जिबरेलिक ॲसिड, चुकूनही नको. केलेलं सगळं उलटतं. फळधारणेनंतर गळ रोखायला मात्र तेच कामाचं: १०० लिटरला १.५ ग्रॅम, आधी थोड्या अल्कोहोलात विरघळवून. थेट पाण्यात टाकलं तर पूड तळाशी बसते.