भावकी सोडणाऱ्या टीमचा शेवटचा सीझन कसा बघायचा

मी कोल्हापूरचा. फुटबॉल म्हणजे शाहू स्टेडियम आणि पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ, एवढंच ठाऊक. ऑस्टिनला आल्यावर बॉल काखेत धरून पळणाऱ्यांना फुटबॉलवाले म्हणतात याचंच हसू यायचं. 2023 ला मात्र टेक्सास लाँगहॉर्न्सचा, म्हणजे ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठाच्या टीमचा, सीझन पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितला. तुमच्या गावची कॉलेज टीम कॉन्फरन्स बदलणार असेल, तर हे वाचून घ्या.

कॉन्फरन्स म्हणजे भावकी. दरवर्षी त्याच टीमशी गाठ आणि टीव्हीच्या पैशाची वाटणी. टेक्सास 1996 पासून बिग ट्वेल्व्ह नावाच्या भावकीत होतं. 2021 च्या जुलैत ओक्लाहोमासकट एसईसी या दुसऱ्या भावकीत जायचं ठरलं, आणि एक वर्ष आधी सुटायला दोघांनी मिळून दहा कोटी डॉलर मोजायचं कबूल केलं. आता राहिलेले भाऊ काय गप्प बसतात?

म्हणून आधी वेळापत्रक घ्या आणि ज्यांच्याशी गाठ सुटणार, त्यांच्यावर खूण करा. मोठ्या नावांना भुलू नका. 9 सप्टेंबरला आपण अलाबामाला त्यांच्याच घरी 34-24 हरवलं, मजा आली, पण ते तर एसईसीचे, म्हणजे पुढच्या घरचे. जुना हिशेब टेक्सास टेकशी होता. ऑगस्टमधली भाषणंही ऐकून ठेवा. बिग ट्वेल्व्हचे कमिशनर ब्रेट यॉरमार्क यांनी टेकच्या गावी लबकला जाऊन त्यांच्या कोचला उघड सांगितलं होतं की ऑस्टिनमध्ये काम फत्ते करून या. नोव्हेंबरात स्कोअर झाला 57-7. आपल्या बाजूने.

एक तरी मॅच परगावची बघा. फोर्ट वर्थला टीसीयू, म्हणजे टेक्सास ख्रिश्चन युनिव्हर्सिटीविरुद्ध 29-26 ने जेमतेम निसटलो. आपल्या टीमची हाताने करायची शिंगांची खूण उलटी करून दाखवणारं अख्खं स्टेडियम बघितल्याशिवाय राग कळत नाही. बॅग पारदर्शकच न्या, नाहीतर गेटवरून परत गाडीपर्यंत पायपीट.

डॅलसची ओक्लाहोमा मॅच निरोपाची नाही, कारण तेही आपल्याबरोबरच निघालेले. तरी जा. कॉटन बोल स्टेडियम टेक्सास राज्याच्या जत्रेच्या मधोमध आहे, मॅचच्या तिकिटातच जत्रेची एंट्री. तीन तास आधी पोचा. पन्नास यार्डाच्या रेषेवर स्टेडियम दुभंगतं, इकडे भाजक्या विटेसारखा केशरी, तिकडे गडद लाल. त्या दिवशी 15 सेकंद उरले असताना त्यांनी बॉल आपल्या टोकाच्या पट्ट्यात, म्हणजे एंड झोनमध्ये, नेऊन टचडाऊन केला, आपण 34-30 हरलो. माझ्या हातातला कॉर्न डॉग तसाच, मोहरीचा सॉस मनगटावरून शर्टाच्या बाहीत. लाल बाजू उसळत होती आणि आमच्या बाजूला बाकं वाजल्याचासुद्धा आवाज नाही.

2 डिसेंबरला आर्लिंग्टनला बिग ट्वेल्व्हच्या फायनलमध्ये ओक्लाहोमा स्टेटला 49-21 धुतलं आणि भावकीचा चषक घेऊनच बाहेर पडलो. हे बघायला टीव्ही पुरे. पास फेकणाऱ्या आपल्या क्वार्टरबॅकचे, क्विन यूअर्सचे, 452 यार्ड घरच्या सोफ्यावरून जास्त नीट दिसतात.

पुढची, देशाच्या अजिंक्यपदाची सेमीफायनल 1 जानेवारीला न्यू ऑर्लीन्सला, समोर वॉशिंग्टन. तीही टीम आपली भावकी पॅक-ट्वेल्व्ह सोडून बिग टेनला निघालेली, म्हणजे दोन्हीकडे सामान बांधलेलं. आपला शेवटचा पास एंड झोनच्या कोपऱ्यात गेला, त्यांच्या खेळाडूने हाताने उडवला. 37-31 हरलो. रात्र बरीच झाली होती. 2 तारखेची रजा आधीच टाकून ठेवा, मी टाकली नव्हती.