इंजिनवरची रिकामी भोके ओळखायची कशी?

नागपुरात घरासमोर गाडीचे बोनेट उघडले की एखाद्या रिकाम्या भोकाकडे बोट दाखवून "येथला बोल्ट मिस्त्रीने गाळला" असे सांगणारा कोणीतरी भेटतोच. त्याचे ऐकून तेथे बोल्ट ठोकू नये. एकाच घराण्याचे इंजिन अनेक गाड्यांत बसते. ७९६ सीसीचे इंजिन मारुती ८००मध्ये आडवे, तर ओम्नीत गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेले होते, आणि फियाटचे १२४८ सीसीचे डिझेल इंजिन स्विफ्ट, इंडिका व्हिस्टा आणि लिनिया या तिन्ही गाड्यांत आले. प्रत्येक गाडीचे ब्रॅकेट आणि एसीच्या कॉम्प्रेसरची जागा निराळी असल्यामुळे काही भोके तुमच्या गाडीत रिकामी राहणारच.

प्रथम थंड इंजिन डिझेल आणि ब्रशने स्वच्छ करून फोटो काढावा.

नंतर भोकाचे तोंड पाहावे. भोवतालचा भाग यंत्रावर सपाट केलेला असेल आणि त्यावर वॉशरची चकचकीत कडी उमटलेली असेल, तर बोल्ट खरोखरच हरवला आहे. कडी नसेल आणि आट्यांत जुना रंग किंवा मळ घट्ट बसला असेल, तर ते भोक बहुधा कधी वापरलेच गेलेले नाही. आटेच नसतील, तर ते डॉवेलचे (दोन भाग नेमके जुळवणाऱ्या खुंटीचे), कारखान्यात ब्लॉक यंत्रावर धरण्याचे, किंवा फ्लायव्हीलजवळ (इंजिनच्या टोकाच्या जड चाकाजवळ) असल्यास टायमिंग लावताना पिन घालण्याचे असू शकते.

आता खरी अडचण: भोक आतून बंद आहे की आरपार? मी स्वतः येथेच फसलो. बंद भोकात तेल साचले आहे हे न पाहता मी लांब बोल्ट पान्याने आवळला. तेलाला बाहेर पडायला वाट नव्हती आणि ते दाबले जात नसल्यामुळे सगळा जोर ओतकामावर येऊन कडेला बारीक तडा गेला. तेव्हापासून मी आधी सायकलच्या स्पोकने खोली मोजतो, ती बोल्टच्या लांबीशी ताडून पाहतो आणि मगच पाना उचलतो. स्पोक भिंतीच्या जाडीहून अधिक आत गेला, तर भोक तेलाच्या किंवा पाण्याच्या वाटेला किंवा फिरणाऱ्या भागाला भिडत असावे, असेच समजावे. भोकातले तेल आणि मळ उडवण्यासाठी हवेचा पाइप लावण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. बंद भोकात तो चालतो (डोळ्यांवर चष्मा हवाच), पण आरपार भोकात त्याने सगळी धूळ इंजिनच्या आत जाते, म्हणून तो मला मुळीच मान्य नाही.

आट्यांचे माप बोल्ट हातानेच फिरवून घ्यावे: १० मिलिमीटर जाडीच्या बोल्टच्या दोन आट्यांमधले अंतर जपानी इंजिनांत बहुधा १.२५ मिलिमीटर, तर युरोपीय इंजिनांत अनेकदा १.५ मिलिमीटर असते आणि आटे स्वच्छ असूनही दोन-तीन फेऱ्यांत अडकणारा बोल्ट बहुधा चुकीचा असतो.

शेवटी भोकांची मांडणी पाहावी. एका पातळीतली तीन-चार भोके कॉम्प्रेसरच्या किंवा पॉवर स्टिअरिंग पंपाच्या ब्रॅकेटची असण्याची शक्यता मोठी, तर टोकाचे एकटे दणकट भोक इंजिन उचलण्याच्या हुकाचे असू शकते. वॉटर पंपाच्या पोटाखालचे बारीक छिद्र मात्र कधीही बुजवू नये, कारण आतले सील गेल्याचे ते पाणी गाळून सांगते आणि ते बुजवले की तेच पाणी बेअरिंगमध्ये शिरते.