जुन्या फोटोतलं क्रिकेटचं मैदान कसं ओळखायचं

घरातल्या जुन्या क्रिकेटच्या फोटोमागे कुणीतरी ‘ब्रेबॉर्न’ असं लिहून ठेवलेलं असतं. बहुतेक वेळा ते सामना पाहणाऱ्याने लिहिलेलं नसतं. पुढे कधीतरी अल्बम लावताना पुतण्याने नाहीतर सुनेने अंदाजाने लिहिलेलं असतं, आणि मुंबईतलं जुनं मैदान म्हटलं की तेच नाव सुचतं. म्हणून त्या अक्षरांना पुरावा मानू नका. फोटोवरच्या स्टुडिओच्या शिक्क्यालाही नको. शिक्क्यावरून स्टुडिओ कुठे होता एवढंच कळतं.

पुढची सगळी उदाहरणं मुंबईची आहेत, कारण मी हे काम तिथल्या मैदानांवर करत आलोय. रीत मात्र कुठेही चालेल.

फोटो मोठ्या रिझोल्युशनला स्कॅन करा, मागच्या बाजूसकट. तो एआयने ‘धारदार’ करायच्या भानगडीत पडू नका. त्यात नसलेल्या खिडक्या उगवतात, पाटीवरच्या अस्पष्ट अक्षरांची भलतीच अक्षरं होतात, आणि नंतर आपण त्याच खिडक्या मोजत बसतो. फोटोवरून जागा सांगणारी अ‍ॅप्सही बाजूला ठेवा. त्यांना आजची मैदानं माहीत असतात, १९३५ ची नाही.

आता फुकटात मिळणारी उत्तरं आधी घेऊन टाकू. फोटो कसोटीचा आहे हे नक्की असेल तर फारशी डोकेफोड नाही. १९३३ च्या डिसेंबरातली भारतातली पहिली कसोटी, लाला अमरनाथांच्या ११८ धावांची, बॉम्बे जिमखान्यावर झाली. डिसेंबर १९४८ पासून फेब्रुवारी १९७३ पर्यंत मुंबईतल्या कसोट्या ब्रेबॉर्नवर झाल्या. जानेवारी १९७५ पासून वानखेडे. २००९ मध्ये एक कसोटी पुन्हा ब्रेबॉर्नवर झाली, पण तो फोटो काही तुमच्या ट्रंकेत नसणार. टोनी ग्रेगने विश्वनाथला लहान बाळासारखं हातात झुलवलं तो प्रसंग १९७३ चा, म्हणजे ब्रेबॉर्नचा. त्या फोटोखाली ‘वानखेडे’ लिहिलेलं दिसलं तर बिनदिक्कत खोडा.

धावफलक वाचता येत असेल तर त्याहून बरं. एकूण धावा, पडलेले गडी आणि शेवटच्या फलंदाजाची धावसंख्या असे तीन आकडे जुळले की स्कोअरकार्डावरून मैदान, वर्ष, कित्येकदा दिवससुद्धा मिळतो. चौरंगी-पंचरंगीच्या, म्हणजे हिंदू, पारशी, मुस्लिम, युरोपियन अशा जमातवार संघांच्या जुन्या स्पर्धांतल्या सामन्यांनाही हे लागू आहे. १९३७ साली ब्रेबॉर्न उभं राहिलं आणि पंचरंगी सामने तिकडे गेले. त्याआधी मुंबईतले चौरंगी सामने बॉम्बे जिमखान्यावर तंबू-मंडप ठोकून व्हायचे, आणि काही वर्षी ही स्पर्धा पुण्यालाही झाली. तेव्हा सामना चौरंगी आहे म्हणून फोटो मुंबईचाच, असं धरू नका.

खरी अडचण येते ती क्लबच्या, कॉलेजच्या, ऑफिसच्या सामन्यांच्या फोटोंत. धावफलक नाही, ओळखीचा खेळाडू नाही. पांढऱ्या कपड्यातली चार माणसं, थोडं गवत आणि मागे काहीतरी धूसर.

आधी दिशा

इथे सगळे जण मागची इमारत ओळखायला धावतात. मीही पूर्वी तिथेच तासन्‌तास घालवायचो, भिंग घेऊन कमानी मोजत. तसं करू नका. इमारतीकडे बघायच्या आधी कॅमेऱ्याचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते काढा. ते कळलं की निम्मी मैदानं आपोआप गळतात आणि उरलेल्यांत नेमकं काय शोधायचं ते कळतं.

क्रिकेटची खेळपट्टी साधारण उत्तर-दक्षिण असते, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं ऊन फलंदाजाच्या थेट डोळ्यांत जात नाही. मैदानांवरच्या साध्या खेळपट्ट्याही बहुतेक तशाच आखलेल्या. म्हणजे दोन्हीकडच्या यष्ट्या जोडणारी रेघ ही तुमची उत्तर-दक्षिण रेघ. तिचं कुठलं टोक उत्तर, ते सावलीला विचारायचं. ऑक्टोबरपासून मार्चच्या मध्यापर्यंत मुंबईत सूर्य दिवसभर दक्षिणेकडूनच जातो, त्यामुळे सावली कधीच दक्षिणेकडे पडत नाही. सकाळी ती वायव्येकडे कलते, दुपारनंतर ईशान्येकडे. उत्तरेचा अंश तिच्यात असतोच. डिसेंबरात भर दुपारीसुद्धा उभ्या माणसाची सावली जवळजवळ त्याच्या उंचीएवढी लांब असते, त्यामुळे ती शोधायला त्रास होत नाही.

हे प्रत्यक्षात असं करायचं. फोटोची मोठी प्रिंट काढा आणि तिच्यावर ट्रेसिंग पेपर ठेवा. यष्टीपासून यष्टीपर्यंत रेघ मारा. एकाच बाजूच्या यष्ट्या दिसत असतील तर क्रीजची चुन्याची रेघ घ्या, ती पूर्व-पश्चिम. मग कॅमेऱ्याजवळच्या एखाद्या माणसाच्या, शक्यतो अंपायरच्या, बुटापासून सावलीच्या टोकापर्यंत दुसरी रेघ. अंपायर अशासाठी की तो स्थिर उभा असतो. धावणाऱ्या गोलंदाजाचा पाय हवेत असेल तर सावली पायापासून तुटते आणि रेघ चुकते. सीमारेषेवरचा क्षेत्ररक्षक तर घेऊच नका. लांबच्या सावल्या फोटोत चपट्या होऊन सगळ्या आडव्याच दिसतात.

समजा फोटोत खेळपट्टी डावीकडून उजवीकडे आडवी गेली आहे आणि सावल्या डावीकडे पडल्या आहेत. म्हणजे डावीकडे उत्तर, म्हणजे कॅमेरा पूर्वेकडे बघतोय. सावल्या उजवीकडे असत्या तर पश्चिमेकडे. एवढंच. पण हे कागदावर करा, मनातल्या मनात करायला गेलात की डावं-उजवं हमखास उलटं होतं.

दोन इशारे. मे ते जुलैच्या सुमारास मुंबईत मध्यान्हीचा सूर्य उत्तरेकडे सरकतो, तेव्हा हा नियम मोडतो. पावसात मात्र प्रश्नच येत नाही, कारण सावलीच नसते. सावली नाही आणि आउटफिल्डला घोट्यापर्यंत गवत वाढलंय, असा फोटो दिसला तर १९४८ साली सुरू झालेल्या, पावसाळ्यातच खेळल्या जाणाऱ्या कांगा लीगचा विचार करा. दुसरा इशारा घड्याळाचा. मागे राजाबाई टॉवर असेल आणि काटे वाचता येत असतील तर सावलीशी ताळा जरूर घ्या, पण घड्याळ प्रमाणवेळ दाखवतंय असं गृहीत धरू नका. मुंबईची स्वतःची वेळ होती, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे, आणि शहराने ती १९५५ पर्यंत सोडली नव्हती.

मग मागची इमारत

आता वर बघा, प्रेक्षकांच्या डोक्यांवरून. मांडव दरवर्षी बदलतात, स्टँड पाडून पुन्हा बांधतात, नावं तर काय, कधीही बदलतात. वरची शिखरं तिथेच राहतात.

कॅमेरा पूर्वेकडे आणि मागे दगडी गॉथिक इमारतींची रांग असेल तर ते ओव्हल मैदान. डावीकडून उजवीकडे क्रम पाठ करून ठेवा: हायकोर्ट, राजाबाई टॉवर, विद्यापीठाचं दीक्षान्त सभागृह, जुनं सचिवालय. हा क्रम उलटा दिसला तर मैदान वेगळं नाही, निगेटिव्ह उलटी लागली आहे. हे लोकांना वाटतं त्यापेक्षा फार वेळा होतं, आणि मग दिशेचं सगळं गणित उलटं येतं. खात्री कपड्यांवरून करा. पुरुषांच्या शर्टाची डावी पट्टी वर असते आणि ब्लेझरचा वरचा खिसा डाव्या छातीवर. प्रेक्षकांतल्या बायकांच्या पदरावरून ठरवू नका. मुंबईच्या गर्दीत मराठी पदर डाव्या खांद्यावर, तर गुजराती उजव्या खांद्यावरून पुढे, दोन्ही शेजारी-शेजारी सापडतात.

त्याच ओव्हलवर पश्चिमेकडे बघणारा फोटो म्हणजे तारखेचा खजिना. गोलाकार बाल्कन्यांच्या आर्ट डेको इमारती तिथे १९३० च्या दशकात आल्या. त्याआधी त्या बाजूने रेल्वे कुलाब्यापर्यंत जायची. १९३० च्या अखेरीस तो टप्पा बंद झाला, आणि विजेची गाडी सुरू झाली होती १९२८ च्या जानेवारीत. म्हणजे रुळांवर विजेच्या तारांचे खांब दिसले तर फोटो जेमतेम तीन वर्षांच्या पट्ट्यात येऊन बसतो. वायव्य कोपऱ्यात इरॉस थिएटर दिसलं तर १९३८ च्या अलीकडचा.

मागे एक घुमटाचा मनोरा आणि त्याच्या उजवीकडे आणखी एक मोठा घुमट असेल तर ती महापालिका आणि व्हीटी (आजचं सीएसएमटी स्टेशन), म्हणजे आझाद मैदान किंवा त्याच्या दक्षिण टोकाचा बॉम्बे जिमखाना. अनेकांना प्रत्येक मनोरा राजाबाईच वाटतो. राजाबाईच्या टोकाला घुमट नाही, निमुळतं होत गेलेलं अष्टकोनी शिखर आहे. व्हीटी आहे पण महापालिकेचा मनोरा नाही, असा फोटो मिळाला तर तो १८९३ च्या आधीचा. आझाद मैदान की जिमखाना, हे ठरवायला यष्ट्या मोजा. एकाच फोटोत दोन-तीन सामन्यांच्या यष्ट्या आणि एकमेकांत घुसलेले क्षेत्ररक्षक दिसले तर मैदान. जिमखान्यावर एका वेळी एकच सामना.

मरीन ड्राइव्हवरचे जिमखाने सर्वांत चकवतात. हिंदू, पारशी, इस्लाम ही मैदानं एका ओळीत आहेत, पश्चिमेला समुद्र, पूर्वेला रेल्वे. त्यामुळे इथे मागच्या दृश्यावरून नाव ठरत नाही. पॅव्हिलियनचं छत आणि जिना दिसत नसेल तर ‘मरीन लाइन्सजवळचा जिमखाना’ एवढंच लिहा आणि थांबा.

दोन शिखरं दिसत असतील तर छायाचित्रकार कुठे उभा होता तेही काढता येतं. एक शिखर दुसऱ्याच्या बरोबर मागे आलं असेल तर नकाशावर दोन्हींतून पट्टी ठेवून रेघ ओढा, तो त्या रेघेवर कुठेतरी उभा होता. तंतोतंत एका ओळीत नसतील तर दोन्हींमधलं अंतर आणि त्यांतल्या एकाची रुंदी यांचं प्रमाण मोजा आणि आजच्या मैदानात जाऊन तसंच दिसेपर्यंत पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे सरका. मनोरा ‘जवळ वाटतो’ यावर मात्र काहीही ठरवू नका. लांब पल्ल्याची लेन्स अर्धा किलोमीटरवरचा टॉवर स्लिपच्या मागे आणून उभा करते.

ब्रेबॉर्न की वानखेडे, हा वाद स्टेडियमच्या आत काढलेल्या फोटोंचा. दोन्हींमध्ये चालत दहा मिनिटांचं अंतर आहे, त्यामुळे क्षितिज बरंचसं सामाईक. वानखेडेच्या पूर्व बाजूला लोकलचे रूळ अगदी खेटून आहेत, ब्रेबॉर्नला तसे नाहीत. दक्षिणेकडे एअर इंडियाची उंच इमारत दिसत असेल तर फोटो सत्तरीच्या दशकातला किंवा नंतरचा. वानखेडेचे स्टँड जुन्या फोटोशी ताडून बघताना आजचं स्टेडियम समोर ठेवू नका, २०११ च्या विश्वचषकासाठी ते बरंचसं नव्याने बांधलं गेलं.

संघाचा बसलेला ग्रुप फोटो असेल तर दिशा-सावली सोडा. पायऱ्यांची संख्या, कठड्याची नक्षी आणि ढालीवरची अक्षरं बघा. ढाल बहुतेकदा मधल्या खेळाडूच्या पायाशी असते.

ठरलं की फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने लिहा: मैदान, कॅमेऱ्याची दिशा, आणि कशावरून ठरवलं ते. ‘ओव्हल, पूर्वेकडे, हायकोर्ट–राजाबाई क्रम, सावली डावीकडे’ एवढं पुरे. शंका असेल तिथे प्रश्नचिन्ह टाका. बॉलपेन वापरू नका, त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो, आणि नेमका एखाद्याच्या चेहऱ्यावर.