हिवाळी चाके चढवली, पण दाबाचा दिवा विझेना: या चुका टाळा

अमेरिका, कॅनडा आणि युरोपच्या थंड भागांत राहणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांच्या गॅरेजमध्ये चाकांचे दोन संच असतात. क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात हिवाळी टायर कायद्यानेच सक्तीचे आहेत. जर्मनीत तारखा ठरलेल्या नाहीत, पण रस्ता बर्फाळ असेल तेव्हा ते लागतातच. हिवाळी टायर स्वतंत्र रिमवर बसवलेले असले की चाके घरच्या घरी बदलता येतात. अडते ते पुढे, डॅशबोर्डवर उद्गारचिन्हाचा पिवळा दिवा लागून राहतो तेव्हा. तो घालवण्यासाठी केलेल्या खटपटींपैकी बहुतेक वाया जातात, कारण तीन निराळी कामे एकच समजली जातात: गाडीला नव्या सेन्सरांची ओळख करून देणे, कोणता सेन्सर कोणत्या कोपऱ्यात आहे हे सांगणे, आणि योग्य दाब किती ते ठरवून देणे. आपल्या गाडीला यांपैकी काय हवे आहे, हे आधी पाहावे.

पहिली चूक सेन्सर विकत घेण्याआधीच होते. चाकांतील दाब जाणण्याच्या पद्धती दोन आहेत. प्रत्यक्ष पद्धतीत प्रत्येक रिमच्या आत व्हॉल्व्हला जोडलेला सेन्सर असतो आणि तो आपला क्रमांक, दाब व तापमान रेडिओलहरींनी गाडीला कळवतो. अप्रत्यक्ष पद्धतीत चाकात काहीच नसते. हवा कमी झालेले चाक किंचित वेगाने फिरते, हे एबीएसचे, म्हणजे ब्रेक लावताना चाके अडकू न देणाऱ्या यंत्रणेचे, सेन्सर ओळखतात. होंडा, फोक्सवॅगन आणि माझ्दा यांच्या अनेक मॉडेलांत ही दुसरी पद्धत आहे. अशा गाडीच्या हिवाळी चाकांसाठी चार सेन्सर विकत घेणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय. थंड टायरमध्ये योग्य हवा भरावी आणि मेनूतून नवी नोंद सुरू करावी, एवढेच तिला पुरते. डॅशबोर्डवर प्रत्येक चाकाचा दाब आकड्यांत दिसत असेल, तर मात्र पद्धत प्रत्यक्ष आहे असे समजावे. केवळ व्हॉल्व्ह रबरी दिसतो म्हणून आत सेन्सर नाही असा निष्कर्ष काढू नये, कारण रबरी व्हॉल्व्हवर बसणारे सेन्सरही मिळतात.

सेन्सर घ्यायचेच असतील, तर फ्रीक्वेन्सी पाहावी. उत्तर अमेरिकेतील बऱ्याच गाड्या ३१५ मेगाहर्ट्झवर चालतात, युरोपातील गाड्या ४३३ वर. परंतु अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या अनेक जर्मन आणि कोरियन गाड्याही ४३३ च्याच असतात. त्यामुळे देश पाहून नव्हे, तर गाडीचे मॉडेल आणि वर्ष पाहून सेन्सर निवडावा. चुकीच्या फ्रीक्वेन्सीचा सेन्सर गाडीला कधीच ऐकू येत नाही, आणि हे बहुधा टायर रिमवर चढवून, बॅलन्सिंग करून झाल्यावरच कळते.

दिवा काय सांगतो आहे

अमेरिकी नियमानुसार दिव्याच्या दोन भाषा आहेत आणि त्या वाचता न आल्याने पुष्कळ वेळ फुकट जातो. गाडी सुरू केल्याबरोबर दिवा स्थिर लागून राहिला, तर कोणत्या तरी टायरमध्ये हवा कमी आहे. नियमातील मर्यादा शिफारस केलेल्या दाबापेक्षा २५ टक्के कमी ही आहे. दिवा आधी मिनीटभर, फार तर दीड मिनिट, लुकलुकला आणि मग स्थिर झाला, तर बिघाड यंत्रणेतच आहे, म्हणजे गाडीला अपेक्षित असलेला सेन्सर सापडत नाही. या दुसऱ्या स्थितीत पंप घेऊन चारही चाकांत हवा भरत बसण्याने काहीही साधत नाही. तसेच, चाके बदलून गल्लीत एक चक्कर मारली आणि दिवा लागला नाही, म्हणून काम झाले असे मानू नये. बिघाड ओळखायला यंत्रणेला २० मिनिटांपर्यंत मुभा असते. जुन्या क्रमांकांची वाट पाहून थकल्यावरच ती तक्रार करते.

सर्वाधिक घोटाळा

अनेक टोयोटा गाड्यांत स्टिअरिंगखाली किंवा ग्लोव्ह बॉक्समध्ये दाबाच्या चित्राचे एक बटण असते. दिवा तीनदा लुकलुकेपर्यंत ते दाबून धरले की काम फत्ते, असे सर्रास सांगितले जाते. ते बटण सध्याचा दाब हा योग्य दाब आहे, एवढेच गाडीला सांगते. नव्या सेन्सरांचे क्रमांक त्याने नोंदवले जात नाहीत. उलट, टायरमध्ये हवा कमी असतानाच ते दाबले, तर कमी दाबच योग्य म्हणून नोंदवला जातो आणि खरोखर गरज पडेल तेव्हा इशारा उशिरा मिळतो. काही नव्या टोयोटा आणि लेक्सस गाड्यांत चाकांच्या दोन संचांचे क्रमांक साठवून मेनूतून संच बदलता येतो. ती सोय नसलेल्या गाडीत क्रमांक ओबीडी पोर्टमधूनच, म्हणजे गाडीचा संगणक तपासण्याच्या सॉकेटला टूल (सेन्सर वाचणारे हातातले उपकरण) जोडूनच, लिहावे लागतात.

इथे एक पथ्य कटाक्षाने पाळावे. क्रमांक लिहिताना नवा संच जुन्याच्या जागी बसतो, म्हणून टूल पोर्टला जोडल्यावर आधी गाडीतील जुने क्रमांक वाचून त्यांची नोंद ठेवावी आणि मगच नवे लिहावेत. नोंद नसेल, तर वसंतात उन्हाळी चाके चढवताना प्रत्येक सेन्सर पुन्हा जागवून वाचावा लागतो. पूर्ण आकाराच्या स्टेपनीतही सेन्सर असलेल्या गाड्यांत क्रमांक पाच असतात; चारच लिहिले की दिवा पाचव्यासाठी लुकलुकत राहतो आणि शोध मात्र चार चाकांतच घेतला जातो.

दर ऋतूत हा उपद्व्याप नको असेल, तर क्लोन हा सोपा मार्ग आहे. प्रोग्राम करता येणाऱ्या रिकाम्या सेन्सरमध्ये उन्हाळी सेन्सरचाच क्रमांक उतरवला जातो आणि गाडीला चाके बदलल्याचे कळतही नाही. एकच संच लक्षात ठेवणाऱ्या, ओबीडीवर अवलंबून असलेल्या गाडीसाठी माझ्या मते हाच पर्याय सर्वांत किफायती आहे. जी गाडी थोडे अंतर चालवल्यावर नवे सेन्सर आपोआप शिकते, तिच्यासाठी मात्र क्लोनचा खर्च करण्याचे कारण नाही.

क्रम आणि जागा

जनरल मोटर्सच्या बऱ्याच गाड्या उभ्या असतानाच शिकवता येतात. शिकण्याची अवस्था सुरू झाली की हॉर्न दोनदा वाजतो. मग १२५ किलोहर्ट्झचा संकेत देणारे छोटे टूल व्हॉल्व्हजवळ टायरच्या बाजूला धरायचे आणि हॉर्नचा एक आवाज आला की पुढच्या चाकाकडे जायचे. क्रम ठरलेला असतो: पुढचे डावे, पुढचे उजवे, मागचे उजवे, मागचे डावे. या गाड्यांत चालक डावीकडे बसतो, त्यामुळे सुरुवात त्याच्याच बाजूने होते. उजव्या बाजूच्या स्टिअरिंगची सवय असलेला माणूस नेमका उलट फेरा घेतो. वेळही मर्यादित असतो: पहिल्या चाकासाठी दोन मिनिटे, चारही मिळून पाच. उतरवलेली चाके त्याच वेळी गाडीला टेकवून ठेवलेली असतील, तर टूल त्यांतल्याच एखाद्या सेन्सरला जागे करते, हॉर्न वाजतो आणि उतरवून ठेवलेले चाक गाडीच्या नोंदीत शिरते. म्हणून दुसरा संच आधीच दूर ठेवावा.

क्लोन केलेल्या किंवा लिहिलेल्या क्रमांकांबाबत जागेची चूक निराळ्या रीतीने छळते. चाके वेगळ्या कोपऱ्यांत बसली तरी दिवा लागत नाही, पण पडद्यावर मागच्या उजव्या चाकाचा दाब कमी दिसतो, त्यात हवा भरली जाते आणि प्रत्यक्षात हळूहळू हवा जात असते पुढच्या डाव्या चाकातून. चाके उतरवतानाच प्रत्येकाच्या आतल्या बाजूला खडूने ‘पु. डा.’, ‘मा. उ.’ असे लिहून ठेवले, तर पुढच्या ऋतूत ती कुठे होती हे कळते. टायर सारखे झिजावेत म्हणून मुद्दाम जागा बदलायच्या असतील, तर क्रमांकांची जागाही बदलावी.

थंडीचा हिशेब

तापमान साडेपाच अंश सेल्सियसने उतरले की दाब साधारण एक पीएसआयने (हे हवेच्या दाबाचे एकक) उतरतो. वीस अंशांच्या उबदार गॅरेजमध्ये ३५ पीएसआय भरून गाडी उणे वीसमध्ये रात्रभर बाहेर ठेवली, तर सकाळी सुमारे २८ पीएसआयच उरतात. इशाऱ्याची मर्यादा २६ च्या आसपास असल्याने थोडीशी गळतीही दिवा लावायला पुरते, आणि मग दोष बिचाऱ्या सेन्सरांवर येतो. हवा शक्यतो गाडी बाहेर थंड झाल्यावर मोजावी.

गॅरेजवाला सेन्सरविना चाके बसवायला नकार देत असेल, तर तो अमेरिकेत आडमुठेपणा नव्हे: सुरक्षायंत्रणा जाणूनबुजून निकामी करण्याची मनाई तेथील कायद्याने दुरुस्ती करणाऱ्या व्यवसायांना घातली आहे. कॅनडात ही यंत्रणाच सक्तीची नसल्याने अनेक जण हिवाळाभर दिवा तसाच लागू देतात. त्यांनी निदान हवा हाताने मोजण्याचा नेम सोडू नये.

सेन्सरच्या बॅटऱ्या साधारण पाच ते दहा वर्षे टिकतात आणि त्या आत सीलबंद असल्याने बदलता येत नाहीत. त्यामुळे जुना संच चढवण्याआधी, चाके जमिनीवर असतानाच, टूलने चारही सेन्सर वाचून पाहावेत. एखाद्याने उत्तर दिले नाही, तर त्या टायरची हवा थोडी सोडून पुन्हा वाचावे. दाब बदलला की बरेचसे झोपलेले सेन्सर जागे होतात. तरीही तो गप्पच राहिला, तर तेवढाच नवा घ्यावा आणि त्यात मेलेल्याचा नोंदवून ठेवलेला क्रमांक उतरवावा. जोडीला निकेलचा मुलामा असलेला व्हॉल्व्हचा गाभाच वापरावा, कारण मिठाच्या रस्त्यांवर साधा पितळी गाभा अ‍ॅल्युमिनियमच्या व्हॉल्व्हमध्ये गंजून इतका घट्ट बसतो की तो काढताना व्हॉल्व्हच मोडतो.