पाकिटावरचे नाव आपल्या मालकीचे कसे होईल?

हिंगोली जिल्ह्यातील वसमत परिसरातला एखादा महिला बचत गट हळद पूड विकू लागतो, तेव्हा पाकिटावर घालण्यासाठी सर्वांत आधी सुचणारे नाव बहुधा ‘वसमत शुद्ध हळद’ अशा धर्तीचे असते. त्यामागे गावाचा अभिमान असतो आणि तो योग्यच आहे. परंतु त्या तीन शब्दांपैकी एकही त्या गटाचा स्वतःचा नाही. वसमत हे तिथल्या सर्वांचे गाव, ‘शुद्ध’ हा शब्द प्रत्येक पाकिटावर असतो, आणि हळद हे तर वस्तूचेच नाव. मालाचा प्रकार, गुण किंवा भौगोलिक उगम एवढेच सांगणारे शब्द सामान्यतः कोणा एकाच्या नावे नोंदवता येत नाहीत, असे ट्रेडमार्क (व्यापारी चिन्ह) कायदा, १९९९ याचे कलम ९ सांगते. शेजारच्या गटाने उद्या तसेच नाव घातले, तर त्याला अडवणे तुम्हाला कठीण जाईल.

वसमतची हळद, जालन्याची मोसंबी, बीडचे सीताफळ आणि मराठवाडा केसर आंबा यांना भौगोलिक मानांकन (जीआय), म्हणजे विशिष्ट भागातल्या मालाची कायदेशीर ओळख, मिळालेले आहे. हे मानांकन त्या त्या भागातील उत्पादकांचे सामाईक असते. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून ते पाकिटावर अवश्य मिरवावे. मात्र त्याची जागा तुमच्या नावाच्या खाली आहे, नावाऐवजी नाही.

स्वतःचे नाव शोधण्यासाठी माझ्या मते आपल्या शेतीच्या बोलीसारखा दुसरा साठा नाही, कारण तिच्यातील शब्द मालाचे वर्णन न करता मातीची आठवण करून देतात. तरीही प्रत्येक शब्द पारखून घ्यावा लागतो. ‘पेव’ म्हणजे धान्य साठवण्याचे जमिनीखालचे कोठार, अर्थ उत्तम. पण ऐकणाऱ्याला आधी ‘पेव फुटणे’ आठवते, आणि तो अर्थ खाद्यपदार्थाला चिकटू नये. ‘रास’ सुंदर आहे, परंतु रोमन अक्षरांत लिहिल्यावर अनेक जण तो ‘रस’ असा वाचतील. ‘येळवस’, म्हणजे शेतात जाऊन साजरी होणारी वेळ अमावस्या, हा शब्द लातूर-धाराशिवकडच्या माणसाला थेट शेतात नेऊन बसवतो, पण पुण्याच्या दुकानदाराला तो समजावून सांगावा लागेल. शिवाय त्यात ‘ळ’ आहे. हे अक्षर तेलुगू आणि कन्नड बोलणाऱ्या शेजाऱ्यांना अडत नाही, मात्र हिंदी-उर्दू बोलणाऱ्या गिऱ्हाइकाच्या तोंडी त्याचा ‘ल’ होतो, आणि रोमन लिपीत तर ‘मळा’ आणि ‘मला’ यांत भेदच उरत नाही. ‘सुगी’ मात्र छोटा आहे, त्यात जोडाक्षर नाही, आणि तो हंगामाचा आनंद सांगतो. (हे शब्द केवळ उदाहरणादाखल आहेत, ते आधीच कोणी घेतले आहेत का, हे तपासल्याशिवाय वापरू नयेत.)

बोलीतला शब्द जमला नाही, तर नवा घडवावा. १९६४ मध्ये जालन्यात सुरू झालेल्या महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनीचे लांबलचक नाव आद्याक्षरांतून ‘महिको’ झाले आणि शेतकऱ्यांच्या तोंडी तेच रुळले, कारण ते उच्चारायला सोपे आहे आणि त्याचा दुसरा कोणताही अर्थ होत नाही.

दोन-तीन नावे उरली की साधी परीक्षा घ्यावी. तुमच्या गटाशी संबंध नसलेल्या दहा जणांना फोनवर नाव एकदाच सांगावे, ते लिहून व्हॉट्सॲपवर पाठवायला सांगावे आणि चार दिवसांनी पुन्हा विचारावे. ज्या नावाचे चार वेगवेगळे स्पेलिंग येतात, ते कितीही आवडले तरी सोडून द्यावे.

श्रद्धेच्या नावांबाबत विशेष काळजी घ्यावी. छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव किंवा चित्र व्यापारी चिन्हासाठी वापरण्यास १९५० च्या बोधचिन्हे व नावे यांसंबंधीच्या कायद्याने मनाई आहे. ‘रामायण’ या ग्रंथनामावर अगरबत्तीसाठी कोणा एकाला हक्क सांगता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केले आहे. ग्रामदैवताचे नाव भक्तीने घातले, तरी तेच नाव त्याच दैवताचे शेकडो भक्त घालतात, हेही ध्यानात घ्यावे.

यानंतर ट्रेडमार्क नोंदणीच्या संकेतस्थळावर विनामूल्य शोध घ्यावा, आणि तो केवळ अक्षरांचा न घेता उच्चारसाधर्म्याचाही घ्यावा, कारण ऐकायला सारखे वाटणारे नावही नाकारले जाऊ शकते. नोंदणीसाठी माल आणि सेवा यांचे एकूण ४५ वर्ग पाडलेले आहेत, त्यांपैकी आपला वर्ग नीट निवडावा: हळद पूड आणि मसाले ३० मध्ये, लोणची २९ मध्ये, ताजी फळे ३१ मध्ये, तर फळांचे रस ३२ मध्ये येतात. व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योग यांना ऑनलाइन अर्जासाठी प्रत्येक वर्गामागे ४,५०० रुपये शुल्क आहे, इतरांना ९,०००. अर्ज कोणाच्या नावे करायचा, हा प्रश्न मला नावाइतकाच महत्त्वाचा वाटतो. शेतकरी कंपनी असेल तर तो कंपनीच्याच नावे करावा. अध्यक्षांच्या किंवा सचिवांच्या वैयक्तिक नावे केला, तर त्या व्यक्तीने गट सोडल्यावर सगळ्यांनी मिळून कमावलेले नाव तिच्याबरोबर जाऊ शकते.

अर्ज मान्य होऊन ट्रेडमार्क कार्यालयाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाल्यावर हरकतींसाठी चार महिने असतात. नोंदणी झाल्यावर ती दहा वर्षे टिकते आणि पुढे नूतनीकरण करता येते. नोंदणी होईपर्यंत पाकिटावर ‘टीएम’ (ट्रेडमार्क) हे चिन्ह लावता येते. वर्तुळातला ‘आर’ मात्र नोंदणी पूर्ण झाल्यावरच छापावा, कारण त्याआधी तो छापणे गुन्हा ठरतो.