हाताला मार लागून बोटं बधिर झाली तर

कोपर दाराच्या कडेला आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात. पाच-दहा मिनिटांत ओसरल्या तर विषय संपला. पण पडल्यावर हात सुजला आणि बोटांना स्पर्श कळेना, तर एवढं बघा:

१. आधी बांगड्या, अंगठी, घड्याळ उतरवा. सूज चढली की अंगठी कापावी लागू शकते.

२. नख दाबून सोडा. पांढरं पडलेलं नख २ सेकंदांत गुलाबी व्हायला हवं. दुसऱ्या हाताशी ताडून बघा.

३. अंगठा वर करा, अंगठा आणि तर्जनीचं कडं करा, मग बोटं फाकवा. यात तीन वेगवेगळ्या नसा तपासून होतात.

यातली एक जरी गोष्ट जमली नाही, बोटं गार-फिकट पडली, हात वाकडा दिसला किंवा बोटं सरळ करताना कळ असह्य झाली, तर सकाळची वाट न बघता अपघात विभाग गाठा. प्लास्टर घातल्यावर असं झालं तरीही लगेच परत जा. ‘घट्ट असेल जरा’ म्हणून रात्र काढू नका.

तेल लावून चोळणं किंवा हाड बसवणाऱ्याकडे नेणं मात्र टाळाच. आणि मार न लागताच एक हात अचानक बधिर झाला किंवा तोंड वाकडं झालं, तर थेट १०८.