सायकलने कामावर जाणारीने कपडे कसे निवडावेत

माझ्या एका राखाडी पँटच्या उजव्या पायावर, घोट्याच्या आतल्या बाजूला, काळ्या भोकांची छोटीशी रांग होती. डावा पाय कोरा करकरीत. सायकलची चेन उजवीकडे असते, एवढाच काय तो न्याय. पँट नवी होती, दुसऱ्यांदाच घातलेली. त्या रागात मी 'खास सायकलिंगचे' कपडे बघायला गेले आणि हात हलवत परत आले. अंगाला चिकटणारं चकचकीत कापड, पाठीवर खिसे, आसनात जाड गादी, आणि किंमत अशी की तेवढ्यात तीन साधे जोड यावेत. शिवाय कामावर पोचल्यावर ते बदलायचे ते बदलायचेच.

ते कपडे वाईट नसतात. पुढे वाकून दोन-तीन तास सायकल हाणणाऱ्यासाठी ते बनवलेले असतात. वीस मिनिटं, ताठ बसून, सिग्नलला थांबत थांबत जाणारीला त्यातलं जवळजवळ काहीच लागत नाही. तिचं नेहमीच्या कपड्यांत भागतं. फक्त ते आरशासमोर उभं राहून न निवडता सायकलवर बसल्यासारखं बसून निवडायचे.

पायरी १: आधी कपाट उघडा, पाकीट नंतर

सुट्टीच्या दिवशी नेहमीचे चार-पाच जोड काढा आणि एकेक घालून दहा मिनिटांची चक्कर मारून या. खरंच मारा, नुसता अंदाज बांधू नका. परत आल्यावर लिहून ठेवा: कुठे ओढलं, कुठे घासलं, काय वर सरकलं. जो कपडा सारखा खाली ओढावा लागतो तो बाद, कारण तुमचा एक हात हँडल सोडून त्यातच गुंतून राहतो. माझ्या पाच जोडांपैकी दोन जसेच्या तसे चालले, दोन टेलरकडे गेले आणि एकाला मी सायकलपुरता रामराम ठोकला. खरेदीची यादी मनात होती त्याच्या निम्मीही उरली नाही.

पायरी २: सायकललाही कपडे घाला

हे ऐकून हसायला येतं, पण कपड्यांवर खर्च करायचे पहिले पैसे सायकलवरच खर्च करा. चेन पूर्ण झाकणारं चेनकव्हर बसवलं की पँट, स्कर्ट, लेगिंग सगळं एकदम सुटतं. दोन्ही चाकांना लांब मडगार्ड असले की ओल्या रस्त्यावर पाठीवर चिखलाची रेघ उमटत नाही. मागच्या चाकाच्या वरच्या अर्ध्या भागावर दोन्ही बाजूंनी जाळी किंवा आवरण लावलं की घेरदार कपडा आऱ्यांत जात नाही. आणि कॅरिअर किंवा पुढची टोपली हवीच. पाठीवर सॅक अडकवली की तिच्याखाली हमखास घामाचा चौकोन उमटतो, मग कापड कितीही भारी असो.

ही युक्ती नवी नाही. १८९०च्या दशकात बायकांसाठी निघालेल्या सायकलींना मधला आडवा दांडा नसायचा, चेनवर पेटी असायची आणि मागच्या चाकावर दोऱ्यांची जाळी विणलेली असायची. त्याच काळात लंडनच्या ॲलिस बायग्रेव्ह या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी १८९५ मध्ये एका स्कर्टचं पेटंट घेतलं. त्यात आतून दोऱ्या आणि छोट्या कप्प्या बसवलेल्या होत्या. दोरी ओढली की स्कर्ट वर उचलला जायचा, सोडली की पुन्हा खाली. मला ती कल्पना अजूनही फार आवडते. ती पुढे एका युक्तीत येतेच.

पायरी ३: ट्रायल रूममध्ये सायकल चालवा

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, म्हणून जरा सावकाश सांगते.

ट्रायल रूममध्ये पुष्कळदा एक स्टूल असतं आणि आपण त्यावर पर्स ठेवतो. पर्स खाली ठेवा आणि स्टुलाच्या कडेवर बसा. दोन्ही हात हँडल धरल्यासारखे पुढे करा. आता पाठ बघा. खांद्यामागे कापड ताणलं, मुंढे काखेत रुतले, छातीवरच्या दोन बटणांमध्ये फट पडली, यातलं काहीही झालं तर एक माप मोठं घ्या किंवा सोडून द्या. मागे मधोमध चुणी असलेला शर्ट इथे फार कामाला येतो, कारण हात पुढे गेले की ती चुणी उघडते. बाही मनगटापासून दोन बोटं वर गेली तर हरकत नाही. चार बोटं गेली तर थंडीत त्रास होईल.

मग एक हात मागे कमरेवर फिरवा. उभं असताना नीट बसलेली पँट बसल्यावर मागून उघडते, आणि सायकलवर तुमच्या मागे अख्खा रस्ता असतो. मागची कंबर पुढच्यापेक्षा जरा उंच असलेली किंवा मागच्या पट्ट्यात इलॅस्टिक असलेली पँट शोधा. त्यावर जरा लांब टॉप घातला तर उत्तमच, पण तो सीटच्या टोकात अडकण्याइतका लांब नको.

तिसरं, एक गुडघा वर उचला, मांडी जवळजवळ जमिनीला समांतर होईल इतका. पॅडल वर येतं तेव्हा पाय साधारण असाच असतो. गुडघ्यावर कापड आवळलं तर ते पाचव्या मिनिटाला छळू लागेल. सरळ, अरुंद स्कर्ट याच परीक्षेत नापास होतो. मागे उभा कट असेल तर मात्र पास होऊ शकतो.

चौथं, मान वळवून मागची गाडी बघितल्यासारखं बघा. कॉलर टोचते का? टोपी डोळ्यांवर येते का?

शेवटचं आतून तपासायचं. पँटच्या आसनात चार शिवणी एका जागी मिळतात. ती जागा चिमटीत धरा. जाड जीन्समध्ये तिथे एक कडक गाठ लागते, आणि ती गाठ नेमकी तुमच्या आणि सीटच्या मध्ये येते. गाठ मऊ, चपटी असेल तर पँट घ्या. काही पँटींना तिथे पतंगाच्या आकाराचा जादा तुकडा शिवलेला असतो, म्हणजे चार शिवणी एका जागी येतच नाहीत. अशी पँट स्वस्तात मिळाली तर दोन घ्या.

दुकानात हे सगळं करताना बाहेरून कुणी 'काही मदत हवी का' विचारलं तर खुशाल नाही म्हणा.

पायरी ४: कापडाची पारख

मूठभर कापड हातात घेऊन दहा सेकंद घट्ट आवळा आणि सोडा. सुरकुत्या तशाच राहिल्या तर कामावर पोचल्यावरही राहतील. मग आतल्या चिठ्ठीवर कापडात काय काय आहे ते वाचा. इलास्टेन किंवा स्पँडेक्स, म्हणजे ताणला जाणारा धागा, दोन-तीन टक्के असला तरी गुडघ्यात आणि आसनात जाणवण्याइतका फरक पडतो.

निव्वळ सुती कापड अंगाला छान, पण घाम शोषून धरून ठेवतं आणि सावकाश वाळतं. पॉलिएस्टर चटकन वाळतं, पण वास सोडता सोडत नाही. दोन्हींचं मिश्रण रोजच्या शर्टाला बरं. लिनन चुरगळतं, पण त्याला चुरगळलेलंच शोभतं, त्यामुळे मी त्याला माफ करते. मेरिनो लोकर थंडीत अप्रतिम असते आणि तिला वास फार उशिरा लागतो. ती नवी महाग पडते, म्हणून वापरलेल्या कपड्यांत शोधावी. जीन्स आवडत असेल तर वजन बघा: बारा औंसाचं डेनिम म्हणजे दर चौरस मीटरला चारशे ग्रॅमच्या आसपास, आणि ते भिजलं तर दिवसभर ओलं राहतं. त्याहून हलकं घ्या.

रंगाचं म्हणाल तर फिकट राखाडी टाळा, कारण घामाचा ठिपकासुद्धा त्यावर लगेच दिसतो. गडद निळा, काळा, पांढरा किंवा बारीक नक्षी बरंच काही झाकते. खालचा कपडा मात्र गडदच घ्या. सीट आणि चेन दोघीही फिकट रंगाच्या वैरिणी आहेत.

पायरी ५: स्कर्ट आणि ड्रेस सोडू नका

सायकल म्हणजे पँटच, असं काही नाही. गुडघ्याखाली जाणारा, थोडा घेर असलेला स्कर्ट सायकलवर पँटपेक्षा थंड आणि मोकळा वाटतो. प्रश्न वाऱ्याचा. त्यावर एक नाणं आणि एक रबरबँड पुरतं.

उभं राहून स्कर्टची मागची कड दोन्ही पायांच्या मधून पुढे घ्या. त्या मागच्या कापडाआड नाणं धरा आणि ते पुढच्या कापडावर दाबा, म्हणजे दोन्ही कापडं नाण्यावर येतील. आता पुढून नाण्याचा जो उंचवटा दिसतो त्याच्याभोवती रबरबँडचे दोन-तीन वेढे द्या. स्कर्टची सैल चड्डी झाली. पोचल्यावर रबरबँड काढला की पुन्हा स्कर्ट. जाड कापडाला मोठं नाणं घ्या. अगदी झुळझुळीत कापडाला त्याच्या सुरकुत्या राहतात, हे लक्षात ठेवा. आत चपट्या शिवणीची आखूड चड्डी घातली की वाऱ्याची उरलीसुरली भीतीही जाते.

गळ्यातल्या लांब कापडाबाबत मात्र मी हट्टी आहे. नर्तिका इसाडोरा डंकन १९२७ मध्ये नीस शहरात मोटारीत बसून निघाली आणि तिचा लांब स्कार्फ चाकात गुंडाळला जाऊन तिचा जीव गेला. सायकलचं चाक तर उघडंच असतं. स्कार्फ, कमरेचे पट्टे, लोंबणाऱ्या नाड्या गाठ मारून आत खोचा, नाहीतर पिशवीत टाका.

पायरी ६: स्वस्त कुठे मिळतं

वापरलेल्या कपड्यांच्या दुकानात आधी बघा. तिथला कपडा पन्नास वेळा धुतलेला असतो, म्हणजे आटायचा तेवढा आटला, रंग जायचा तेवढा गेला. घेताना आसन, काखा आणि कपड्याची चेन (झिप) तेवढी तपासा. आसनाचं कापड उजेडासमोर धरल्यावर विरळ दिसलं तर ठेवून द्या, कारण सायकलची सीट नेमकं तिथेच कापड झिजवते.

पुरुषांच्या विभागात शिरायला लाजू नका. शर्टांच्या बाह्या लांब, खिसे खरे. पावसाळी आणि थंडीचे कपडे हंगाम संपता संपता घ्या. आणि किंमत चिठ्ठीवरची न बघता किती दिवस घालाल त्याने भागून बघा: दुप्पट किमतीची पँट चौपट दिवस टिकली, तर ती निम्म्यात पडली.

खरी बचत टेलरकडे होते. मुंढा थोडा सोडवणं, स्कर्टला मागे कट देणं, कमरेत मागे इलॅस्टिक घालणं, आसनात जादा तुकडा लावणं ही छोटी कामं आहेत. जाताना नुसतं 'घट्ट होतं' म्हणू नका. त्यांच्यासमोर स्टुलावर बसून, हात पुढे करून दाखवा आणि टाचण्या त्याच स्थितीत लावून घ्या. माझी ती राखाडी पँट भोकांच्या वर कापून घोट्याच्या वर आणली आहे. आता लोक विचारतात, ही फॅशनची पँट कुठून घेतलीस?

पायरी ७: दिसा

पोपटी किंवा भगवा चमकदार रंग दिवसा लांबून दिसतो, पण रात्री दिव्यांच्या उजेडात त्याचा फारसा उपयोग नसतो. रात्री रिफ्लेक्टिव्ह पट्टी लागते, कारण गाडीच्या दिव्याचा उजेड ती जिथून आला तिकडेच परत पाठवते. ती घोट्यांवर बांधा. पॅडलबरोबर घोटा वर-खाली होतो आणि त्या हालचालीवरून चालकाला लगेच कळतं की समोर माणूस आहे. उजव्या पायाची पट्टी पँटही चेनपासून धरून ठेवते. पोचलं की काढून पिशवीत, म्हणजे तुमच्या पोशाखाला तिचा स्पर्शही नको. आणि पट्टी आहे म्हणून सायकलचे दिवे विसरू नका.

पावसासाठी घट्ट जॅकेटपेक्षा हँडलवरून पसरणारा सैल केप बरा. आत हवा खेळते, पायही बऱ्यापैकी कोरडे राहतात. जोराच्या वाऱ्यात मात्र त्याचं शीड होतं. चपलांचं एवढंच सांगते की तळ कडक हवा आणि टाच मागे बांधलेली हवी. दोन इंचांपर्यंत रुंद टाच चालते, कारण पॅडलवर पावलाचा पुढचा भाग असतो, टाच मागे मोकळीच राहते.

आणि शेवटचा किलोमीटर हलक्या गिअरवर, रमतगमत जा. सायकल थांबली की वारा थांबतो आणि घाम नेमका तेव्हाच फुटतो. पोचल्या पोचल्या आरशाकडे धावू नका. पाच-दहा मिनिटं बसा, पाणी प्या, मग रुमालाने मान पुसा आणि घडी न करता गुंडाळून आणलेला दुसरा शर्ट लागलाच तर बदला. माझा बहुतेक वेळा पिशवीतच राहतो.